गादीवरचे बाबा

गाद्या विकणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे ऑलराउंडर म्हणायचे. कौतुकाने नव्हे, सोयीने. नेमणुकीच्या पत्रात तिचा हुद्दा कंटेंट रायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारी, एवढाच होता. मग फोटो काढणारा सोडून गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "तुमचा हात मोबाइलवर छान बसलाय." लोक इंटरनेटवर काय शोधतात ते बघणारी मुलगी दुसरीकडे लागली, तेही हिच्या गळ्यात पडलं. आकडे काढणं, पोस्ट महिनाभर आधी वेळ लावून ठेवणं, खाली येणाऱ्या कमेंटना गोड उत्तरं देणं, सगळं एकेक करून आलं. सात वर्षांत पाच माणसांची कामं एका खुर्चीत येऊन बसली, आणि त्या खुर्चीचं एक चाक पहिल्या दिवसापासून मोडकं होतं.

नव्याने आलेल्यांना ती सगळ्यात आधी एक गोष्ट बजावायची. "काही चुकलं तर पोस्ट झाकायची, पुसायची नाही. पुसली की खाली लोकांनी लिहिलेलं सगळं जातं, मग डोकं आपटलं तरी परत येत नाही." ती मंडळी हे शिकून दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर जायची. ही तिथंच.

जाहिरातीसाठी मॉडेल आणायची कंपनीची दानत नव्हती, म्हणून एकदा तिने वडिलांनाच गोदामात नेलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, जन्मभर मान खाली घालून बसलेले. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि गादीवर असे आडवे झाले, जणू तपासणीला आलेत.

"डोळे मिटू की उघडे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"आधी मिटा, मग उघडून हसा."

बाबा हसले आणि तिने न सांगता म्हणाले, "पाठ टेकली की झालं!" बारा सेकंदांचा व्हिडिओ. तिने तेच वाक्य वर लिहिलं, सेलच्या आठवड्यातली तारीख लावली आणि पुढच्या कामाला लागली.

महिन्याभराने बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. तिने आठ दिवस रजा घेतली, लोकांना भेटली, आईजवळ बसली, कपाट आवरलं. रांगेत लावून ठेवलेला तो व्हिडिओ तिच्या डोक्यातून पार निघून गेला होता. यंत्राच्या डोक्यातून काही जात नाही.

नवव्या दिवशी ती कामावर आली आणि सकाळी दहाच्या ठोक्याला बाबा गादीवर डोळे मिटून जगापुढे आले. साडेदहाला दादाचा फोन.

"लाज वाटते का गं तुला? बाबांना जाऊन नऊ दिवस नाही झाले, आणि तू त्यांच्यावर गाद्या विकतेस?"

"दादा, ते आधीच लावलं होतं. राहून गेलं माझ्याकडून."

"ते मला सांगू नकोस. आईने बघितलं तर ती खचेल. तिच्या नजरेला पडायच्या आत काढ, नाहीतर या घरात पाऊल टाकू नकोस."

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब खुशीत होते. महिन्याभरात एवढी कुठलीच पोस्ट चालली नव्हती.

"ते माझे वडील आहेत, साहेब."

"माहितीये हो. मला खरंच वाईट वाटलं. पण लोकांना ते आवडतायत, बघा ना. काढू नका. मी वर बोलतो, या वेळी तुम्हाला मार्केटिंग हेड करूनच टाकू."

सात वर्षं तिने हे शब्द ऐकायची वाट पाहिली होती. आता ऐकले तर नुसता शीण आला. ती जागेवर येऊन बसली. खाली दोनशेच्या वर कमेंट जमल्या होत्या, त्यातली एकही तिने वाचली नाही. वाचवेना. बाबांचे मिटलेले डोळे तेवढे दिसत होते, आणि कानात दादा. एका बटणावर झाका, दुसऱ्यावर पुसा. झाकलं तर साहेब पुन्हा उघडतील, म्हणून तिने एकदाचं ते पुसून टाकलं. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू, हेडपद गेलं तर गेलं, पण आईला तरी वाचवलं, असं म्हणून ती पाणी प्यायली.

दुपारी बाराला आईचा फोन आला.

"अगं, बाबा दिसेनासे झाले."

"कुठे, आई?"

"तुझ्या त्या गादीच्या जाहिरातीत. शेजारणीने सकाळीच फोनवर लावून दिलं होतं. तेव्हापासून बघत बसलेय. मघाशी कुकर लावायला उठले आणि येऊन बघते तर नाहीत."

"तुला त्रास नाही झाला?"

"आधी रडले थोडी. मग खालचं वाचत बसले. काय काय लिहिलंय लोकांनी! आजोबा हसरे आहेत म्हणे. एवढ्या लोकांनी त्यांची चौकशी कधी केली होती का गं? मान खाली घालून बसायचे, गिऱ्हाईकसुद्धा घड्याळाशीच बोलायचं."

ती म्हणाली, "व्हिडिओ आहे माझ्याकडे. संध्याकाळी आणते."

"व्हिडिओ आण. पण ते खालचं आधी लावून दे. एका बाईने विचारलंय, आजोबा, माझी कंबर धरते, ही गादी मला चालेल का? शेजारीण जेवून आली की तिच्याकडून उत्तर लिहून घेणार होते. म्हटलं, सांगावं बिचारीला, यांच्या हसण्यावर जाऊ नकोस, घरी हे सतरंजीवरच झोपायचे."

आई हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

"आई," ती म्हणाली, "ते मी पुसलं. खालचं सगळं गेलं."



"अगं, मग ती बाई वाट बघत असेल ना त्यांच्या उत्तराची," आई म्हणाली.