बोटभर माया

कोरेगाव पार्कातल्या त्या गल्लीत दर चार पावलांवर एक बुटिक आहे. तिथले कपडे मला होत नाहीत हे ठाऊक असूनही मी जाते. परवा अशाच एका छोट्या दुकानात कुर्ते चाळत होते. तेवढ्यात साठीच्या एक बाई आल्या. त्यांनी एक कुर्ता उचलला आणि आरशापुढे न जाता सरळ उलटा केला.

"यात माया नाही?" त्यांनी विचारलं.

तिथले कपडे डिझाइन करणारी मुलगीच दुकान सांभाळते. ती गोंधळली. "माया? नाही हो काकू, इथे मी एकटीच असते."

काकू खळखळून हसल्या. शिवणीची आतली कड चिमटीत धरून म्हणाल्या, "अगं, पुढे उसवून वाढवायला आत जादा कापड ठेवतात ना, ती माया! अंगाचा काय भरवसा? बोटभर तरी सोडावी."

मला माझा निळा ब्लाउज आठवला. बाळंतपणानंतर तो अंगात शिरेना, तेव्हा शिंप्यानं माया उसवली होती. बाकी ब्लाउज विटलेला; पण उसवलेल्या जागी पहिल्या दिवसाचा निळा रंग तसाच होता. मी बदलणार हे त्या माणसानं शिवतानाच गृहीत धरलं होतं, आणि तोंडानं कधी बोलला नव्हता.

तसाच कुर्ता माया सोडून शिवून द्यायला मुलीनं काकूंचं माप वहीत लिहून घेतलं. मग थबकून विचारलं, "बोटभर म्हणजे कुणाचं बोट, काकू?"

काकूंनी आपलं बोट पुढे केलं. मुलीनं त्यावर टेप धरली.