मिठाचा पाठ, दोंडाईच्याजवळ

जळगाव सुटले तेव्हा डब्यातल्या एका बाईंनी विचारले, "एकट्याच निघाल्या का, बाई?" मी हो म्हणून खिडकीबाहेर पाहू लागले. कापसाची शेते संपेनात. खेड्यांतील शिक्षकांना वस्तुपाठ (वस्तू हाती देऊन शिकवण्याची रीत) करून दाखवायला शिक्षणखात्याने मला पाठवले होते; शाळा पाहून शेराही लिहायचा होता. दुप्पट वयाच्या माणसांपुढे बोलायचे, या धास्तीने फराळाचा डबा उघडलाच नाही.

दोंडाईच्याहून बैलगाडीने तासाभरात गाव आले. हेडमास्तर नानांकडे जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि भरीत होते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आले.

"तिखट कमीच घातलं," नानांच्या पत्नी म्हणाल्या. मग हळूच, "मुलींचा वर्ग राहतो की मोडतो, ते तुमच्या शेऱ्यावर शे (आहे) म्हणतात."

दुपारी वर्गात मुली पुढे आणि आसपासच्या शाळांचे बारा शिक्षक मागे भिंतीला टेकून बसले. मी मिठाची पुडी काढली. ती सोडण्याआधीच मुली ओरडल्या, "पांढरं! खारट! पाण्यात विरघळतं!" विषय मी पत्राने कळवला होता. पाहुणीची अडचण नको म्हणून नानांनी तो मुलींकडून आठवडाभर घोकून घेतला होता. शिक्षक कौतुकाने माना डोलावत होते. मी पुडी न सोडताच बाजूला ठेवली.

अंगणात मिरच्या वाळत होत्या. एक उचलून मी विचारले, "ही वाळली हे कसं ओळखता?" मला खरेच माहीत नव्हते.

"हालाई दखो, बाई. बी वाजनं म्हंजे सुकनी शे," एक मुलगी म्हणाली. (हलवून पाहा, बी वाजले की वाळली.)

"शुद्ध बोल!" नानांनी दटावले.

"बोलू द्या ना तिला, नाना."

मग मुली अंगणात धावल्या. "तुले काय समजस!" म्हणून दोघींचे भांडणही झाले. शिक्षकांनीही मिरच्या कानाशी धरल्या.

सायंकाळी शेरा लिहिला: 'मिठाचा पाठ केवळ पाठांतर होता. मिरचीचा पाठ मुलींनी दिला. त्यात आम्ही सारे शिकलो. वर्ग चालावा.'

नानांनी दोनदा वाचले. "तीन वर्षं दारोदार फिरून मुली आणल्या, बाई. पहिलं वाक्य राहायलाच हवं?"

"ते काढलं तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवील?"

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "खरं शे."

मी घरी परतल्यावर महिन्याभराने त्यांचे पत्र आले. वर्ग चालू आहे. दर शनिवारी शिक्षक आळीपाळीने एकमेकांच्या शाळेत पाठ पाहायला बसतात. पहिल्या शनिवारी नाना स्वतः पाठ देताना मध्येच अडले, तेव्हा तो पाठ बाकीच्यांनी मिळून पुरा केला. मी शिकवत असे त्या इंग्रजी शाळेत एकही शिक्षक दुसऱ्यासमोर अडलेला मी पाहिला नव्हता. तिथे तशी मुभाच नव्हती.