फाइल नंबर १८६१२

या कट्ट्यावरचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आमच्या घरात भूत-प्रेत हा विषयच नव्हता. वडील प्रेसमधून रिटायर झालेले, रविवारी विहारात मुलांना विज्ञान शिकवायचे. कुणी काही 'दिसलं' म्हणालं की त्यांचे प्रश्न ठरलेले – किती वाजता, उजेड किती होता, आणि जेवला होतास का? मीही तसाच. कॉम्प्युटर मेंटेनन्सच्या कामात एकवीस वर्षं काढली. मशीन आपण होऊन काही करत नाही, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, हे माझं ठाम मत. आजही आहे. फक्त त्यात न बसणारी एक गोष्ट आहे, ती इथे जशीच्या तशी लिहितो.

नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला एक एक्स-रे सेंटर आहे. नाव देत नाही. तळमजला, बाहेर दहाएक खुर्च्या, आत एक्स-रेची खोली, आणि शेजारच्या काचेमागे टेक्निशियनचा कॉम्प्युटर. तिथल्या सगळ्या मशीनचं काम माझ्याकडे. टेक्निशियन कविता मॅडम – पंधरा वर्षांचा अनुभव, बोलणं मोजकं, शिस्त कडक. अंगावर धातूची वस्तू ठेवून पेशंट त्यांच्या खोलीत जाऊच शकत नाही. साखळी, पिन, हुक... सगळं काढून, गाऊन घालूनच आत.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला – अँटीव्हायरस लाल चौकोन दाखवतोय, 'संशयास्पद फाइल' म्हणतोय. मी घरूनच लॉगिन केलं, फाइल डिलीट केली, विसरून गेलो. मंगळवारी पुन्हा फोन. तीच फाइल, तिथेच. पुन्हा डिलीट केली, पूर्ण स्कॅन लावला. बुधवारी पुन्हा. आता मी स्वतः गेलो. इंटरनेटची केबल काढली, पेन ड्राइव्ह बंद केले, बॅकअप तपासला. काहीच सापडलं नाही. फाइल मात्र होती.

ती एक्स-रेच्याच फोल्डरमध्ये होती. तिथे सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला आपोआप पुढचा नंबर देतं आणि त्याच नावाने फाइल ठेवतं. बुधवारी चालू नंबर होता १८२६०. आणि या फाइलचं नाव होतं १८६१२. मला वाटलं, कुठल्या तरी व्हायरसने पुढचाच कुठला तरी नंबर उचललाय.

माझ्याकडे असल्या तपासण्यांसाठी एक जुना लॅपटॉप आहे, तो कशालाच जोडलेला नसतो. त्यावर फाइल कॉपी केली आणि एक्स-रे बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. व्हायरस वगैरे काही नाही... साधा छातीचा एक्स-रे. पेशंटचं नाव, वय, तारीख – सगळे रकाने रिकामे.

कविता मॅडमना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की बाई आहे, शरीराने बारीक आहे, आणि उजवीकडे वरच्या भागात डाग आहे, साधा नाही. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. खांद्याजवळ एक सेफ्टी पिन स्वच्छ दिसत होती, आणि पिनेत अडकवलेली छोटी किल्ली. तिचे तीन दातसुद्धा मोजता येत होते.

"हा मी काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "पिन, किल्ली घेऊन मी कुणाला उभंच करत नाही."

जुना असेल, आधीच्या टेक्निशियनचा असेल, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या की नंबर एकदा वापरला की पुन्हा येत नाही, आणि हा नंबर अजून झालेलाच नाही. डॉक्टरांना दाखवला. त्यांनी उभ्या-उभ्याच बघितला, कुठूनतरी आलेली जुनी फाइल असेल, काढून टाका म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मी काढून टाकली. माझ्या लॅपटॉपवरची कॉपी मात्र राहू दिली, का ते सांगता येणार नाही. त्यानंतर ती फाइल सेंटरच्या मशीनवर परत आली नाही. चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही, कधीच नाही.

मी हे बंद झालेलं काम समजलो. कविता मॅडमनी मात्र हिशोब लावला होता. दिवसाला चाळीसच्या आसपास एक्स-रे होतात, म्हणजे तो नंबर पुढच्या आठवड्याच्या शेवटी येणार. त्यांनी मला तसं फोनवर सांगितलं. आवाज नेहमीचाच होता.

"मिलिंददादा, शुक्रवारी दुपारपर्यंत येईल तो. तुम्हाला जमलं तर या."

प्रिंटरचं काम होतंच, असं स्वतःला सांगून मी शुक्रवारी साडेअकराला गेलो. लॅपटॉप सोबत घेतला. काचेमागे स्टुलावर बसलो. १८६०४ चालू होता. हात मोडलेली एक मुलगी, मग गुडघेदुखीचे एक काका, मग कंपनीतले कामगार ओळीने... मला स्वतःचीच गंमत वाटत होती. वडील असते तर काय म्हणाले असते याचाही विचार करून झाला.

१८६११ झाला. पुढचा फॉर्म एका म्हाताऱ्या बाबांचा होता, सिन्नरच्या पुढच्या गावातले, दम्याचा त्रास. मी सुटकेचा निःश्वास सोडला... पुरुष आहे, म्हणजे विषय संपला. मॅडम नाव पुकारायला दारात गेल्या आणि तिथेच थांबल्या. हाक मारलीच नाही. मी उठून त्यांच्या मागे गेलो.

बाबांना धरून त्यांची बायको बसली होती. पन्नास-पंचावन्नची, हडकुळी, डोक्यावर पदर. पदर खांद्याशी सेफ्टी पिनेने टाचलेला, आणि पिनेत एक छोटी किल्ली. ट्रंकेची असावी.

मग मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या – पेशंटसमोर असं बसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं – आणि तिला विचारलं की तुम्हाला काही त्रास आहे का. नाही म्हणाली. खोकला? थंडीचा असतो, तेवढाच. अंग गरम होतं का? संध्याकाळी होतं, पण ते तर वावरातल्या कामानं.

"मावशी, आधी तुमचा फोटो काढू," मॅडम म्हणाल्या.

"मला काय झालंय? ह्यांना आनलंय मी. चार वाजता गाडी हाय आमची."

"एक मिनिट लागेल. माझ्यासाठी या."

डॉक्टर आतच होते. मॅडमनी जाऊन त्यांना एवढंच सांगितलं की बाईला ताप येतो, खोकला आहे, वजन उतरलेलं दिसतंय. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मावशी नवऱ्याकडे बघत बघत आत गेल्या आणि मॅडमनी त्यांना तसंच, आहे त्या लुगड्यावर, पिनेसकट उभं केलं. हे नंतर मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, गाऊनचं डोक्यातच आलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

स्क्रीनवर नंबर आला – १८६१२. मग चित्र आलं. मी लॅपटॉप शेजारी ठेवला आणि दोन्ही बघितले. एकदा नाही, पुष्कळदा. पिनेचा तिरकेपणा तोच. किल्लीचे तीन दात तेच. डाग तोच, त्याच जागी, तेवढाच. आणि अँटीव्हायरस गप्प होता... या फाइलबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती.

डॉक्टरांना दोन्ही दाखवले. मागचा बघितल्याचं त्यांना आठवतही नव्हतं; ते शांतपणे म्हणाले की मी आज काढलेलीच फाइल कॉपी केली असेल, त्यात नाव-वय पुसलं गेलं असेल, चुकून झालं असेल. मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. त्यांनी डाग मात्र लगेच ओळखला, मावशींना समोर बसवून नीट समजावलं आणि थुंकीच्या तपासणीला पाठवलं. टीबी निघाला. वेळेत निघाला, असं पुढे सरकारी दवाखान्यातही त्यांना सांगितलं गेलं. घरात सुनेचं तान्हं बाळ होतं, ते दिवसभर यांच्याच मांडीवर असायचं. त्याचीही तपासणी झाली, ते ठणठणीत होतं.

मी यावर पुष्कळ डोकं खाजवलंय. आम्ही वाट बघत बसलो म्हणून ते घडलं असं धरलं, तर पिन आणि नंबर यांचा उलगडा होतो. मॅडमनी पिन बघितली, मॅडमनीच तिला आत बोलावलं, मॅडमच गाऊन विसरल्या. कबूल. पण डाग आम्ही उमटवला नव्हता. तो तिच्या छातीत आधीपासून होता, आणि नऊ दिवस आधी, तिने सेंटरची पायरीही चढली नव्हती तेव्हा, तो माझ्या लॅपटॉपवर होता. आणि तीन वेळा मी तो डिलीट केला होता... याचा विचार मी शक्यतो करत नाही.

सहा महिन्यांनी, औषधं संपल्यावर, मावशी शेवटचा एक्स-रे काढायला पुन्हा आल्या. मी तेव्हा तिथेच होतो, नवीन यूपीएस बसवत होतो. अंगाने भरल्या होत्या, ओळखू आल्या नाहीत. या वेळी गाऊन वगैरे सगळं रीतसर झालं. छाती स्वच्छ होती. रिपोर्टची वाट बघताना त्यांनी कविता मॅडमना जवळ बोलावलं.

"ताई, एक इचारू? त्या दिशी एवढी मान्सं बसली व्हती. तुम्ही मलाच का उठवलं?"

मला वाटलं, मॅडम सांगतील की तुमचा चेहरा उतरलेला होता. ते चाललंही असतं. पण त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "खरं सांगू मावशी? मला माहीत नाही."

मावशी "बरं," म्हणाल्या, जणू हे उत्तर पुरेसं होतं. रिपोर्ट नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि सिन्नरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

माझ्याकडेही तेवढंच उत्तर आहे. दोन्ही फाइल्स मी जपून ठेवल्यात, कुणाला तपासायच्या असतील तर खुशाल या.