दिलेला नंबर

कुरुंद्याच्या आमच्या हळद गटात कुकर एकच, ट्रॉलीवरचा, शेतोशेत फिरणारा. काढलेली ओली हळद त्यात शिजवायची. पडून राहिली तर सडते. त्यामुळे कुकरच्या नंबरावरून भांडणांना नुसता ऊत. शेवटी गटाचे अध्यक्ष, म्हणजे माझे काका, म्हणाले, "तू कॉम्प्युटर शिकलीस ना? मग नंबर मोबाईलवर आण."

मी दोन वाटा सांगितल्या. एक, कंपनीचं तयार ॲप. दुसरी, ओपन सोर्स: कुणीतरी लिहून जगासाठी खुलं ठेवलेलं, आपण उघडायचं नि हवं तसं बदलायचं. मला दुसरीचीच हौस. परक्याचं कोड वाचणं म्हणजे परक्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघणं, अन् तो नाद मला फार.

काकांनी एकच विचारलं, "बिघडलं तं कोणाच्या दारात जायचं?"

"माझ्या."

"अन् तू पुण्याला गेल्यावर?"

पुण्याला नोकरीला जायचं ठरलेलंच होतं. तयार ॲप घेतलं. गटानं ठरवलं, मोबाईलवर ज्याचं नाव, त्याच्याच शेतात कुकर.

पंधरा दिवसांत तांड्यावरच्या एक मावशी दारात उभ्या. शेजाऱ्याच्या घरी लग्न, म्हणून त्यांनी आपला नंबर त्याला दिला होता. आमच्याकडं रीतच आहे: बांधावर एक शब्द, की तुमचा नंबर त्याला अन् त्याचा तुम्हाला. ॲपला बांध काय ठाऊक! त्यानं मावशींना गैरहजर धरून यादीच्या पार तळाला टाकलं. काढलेली हळद शेतात पोत्यांत पडून. काका म्हणाले, "यादी सोडून एकीला दिला, तं उद्या धा जण उभे राहतील."

कंपनीला फोन लावला. गोड आवाज: "आपली विनंती नोंदवली आहे." तीन दिवस तेच. असा संताप आला म्हणून सांगू!

मग खुलं कोड उघडलं. अन् गंमत बघा, नियम तिथंही तोच! गैरहजर तो शेवटी. कुणी लिहिला असेल? कुठल्या दवाखान्याच्या रांगेसाठी? तिथं कुणी कुणाला आपला नंबर देतच नसेल काय? विचार करत बसले असते, पण हळद थांबणार नव्हती. हा नियम निदान मला बदलता येत होता. दुपारपर्यंत बदलला, गटाची यादी कंपनीच्या ॲपमधून त्यात आणली, अन् मावशींचं नाव वर आलं.

काकांनी यादी पाहिली. "बराबर हाय. पण पुण्याचं काय?"

"कोड खुलंच हाय काका. मी नसले तर दुसरं कुणी उघडल."

"बघू," म्हणाले, आणि कुकर तांड्याकडं धाडला.

मी मागोमाग गेले. दोन पोती सडली होती, वास सुटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन पोत्यांचं काय न्हाई, बाई," मावशी म्हणाल्या. "पण त्या मोबाईलवर माझ्या नावापुढं गैरहजर लिवलं. समद्या गावानं वाचलं. मी गैरहजर नव्हते. मी नंबर दिला व्हता."

मी फक्त जागा बदलली होती. तो शब्द तसाच होता. तिथंच बांधावर बसून लॅपटॉप उघडला. हजर, गैरहजर यांच्या खाली तिसरा शब्द घातला अन् मावशींच्या नावापुढं तोच लावला: दिला.

मावशींनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा, पलीकडच्या शेतापर्यंत ऐकू जाईल असा.