रोहित पक्ष्याला पडलेली मतं

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाला एकट्याने काही करूच देत नाहीत. बाळंतपण असो, दहावीची परीक्षा असो, मयत असो, सगळी चाळ ते अंगावर घेते. मी कित्येक वर्षं ऑफिसातल्या लोकांना हे कौतुकाने सांगायची. आता सांगत नाही.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, बॅनर आणि दुकानांच्या पाट्या डिझाइन करायचा. मंडळाच्या गणपतीमागचा पडदा दरवर्षी तोच रंगवायचा. चाळिशी उलटली आणि त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. त्यानंतर दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आई त्याला घास भरवायची आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. नळाचा आवाज किती मोठा आणि आमची खोली केवढी, हे तिला कोण सांगणार?

मी लोअर परळला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायच्या एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत आणते. हे सॉफ्टवेअर कुणा कंपनीचं नाही. देशोदेशीची माणसं मिळून ते लिहितात, कुणीही त्याचा कोड उघडून बघावा, सुधारावा. म्हणजे आमच्या मंडळासारखंच, फक्त भांडणं लेखी होतात. तेच मी दादाच्या लॅपटॉपवर घालून दिलं. त्याने आधी मला शिव्या घातल्या. मग एका संध्याकाळी मी घरी आले तर डाव्या हाताने रेघा ओढत बसलेला. पहिलीतल्या पोराच्या असाव्यात अशा वेड्यावाकड्या रेघा. मी तशीच चहा टाकायला गेले. कौतुक केलं असतं तर त्याने लॅपटॉप मिटला असता.

अशात त्या सॉफ्टवेअरचा लोगो बदलायचं ठरलं. जुना सगळ्यांनाच नकोसा झाला होता. कुणीही चित्र पाठवावं, वेबसाइटवर खातं उघडून लोकांनी मत द्यावं, ज्याला जास्त मतं पडतील तो लोगो. दादाने शिवडीच्या खाडीत येतो तो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, काढला. एकाच रेघेत, एका पायावर उभा, चोच खाली चिखलात. रेघ जागोजागी थरथरलेली. मी म्हटलं, "ही सरळ करता येते रे, एक बटण दाबलं की झालं."

"हात लावून तर बघ," तो म्हणाला.

चित्र मी माझ्या खात्यावरून, पण त्याच्या टोपणनावाने पाठवलं. आजारपणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, अशी त्याने मला आईची शपथ घातली. "इथे सगळे माझी कीव करतात गं. मी गाढव काढलं तरी वा वा म्हणतील. मी कोण ते ज्याला ठाऊक नाही, असा माणूस माझं चित्र उचलतो का, तेवढंच बघायचंय मला."

आणि उचललं की लोकांनी! मतदान सुरू झालं आणि रोहित पक्षी पुढे. कुणी लिहिलं, या रेघेत जीव आहे. कुणी विचारलं, ही काढली कशी? दादा मला त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा आणि मग "बरं, पुरे" म्हणायचा. रोज दाढी करायला लागला. आपल्या हाताने जेवायला लागला, सांडलं तरी. आई गॅलरीत उभी राहून आपल्या मालवणीत म्हणाली, "माझो झील परत इलो."

हा आनंद तिच्या पोटात मावेना. तिने तो मंडळाच्या सेक्रेटरीला सांगितला. सेक्रेटरी म्हणजे दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. झटका आला तेव्हा जिन्यावरून त्याला उचलून खाली नेणारा. त्याने आईच्या सांगण्यातला 'मतदान' हा एकच शब्द धरला. आमच्याकडे मतदान म्हणजे काय, ते चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माणसं घराबाहेर काढायची. म्हाताऱ्यांना खुर्चीतून आणायचं. एकही मत वाया जाता कामा नये.

मी ऑफिसात होते. सहज पान उघडलं आणि बघते तर रोहित पक्ष्याची मतं उकळत्या दुधासारखी वर येतायत. मी आनंदाने ओरडलेच. मग नावं वाचली आणि तोंडचं पाणी पळालं. पहिल्या मजल्यावरच्या मावशी. कोपऱ्यातले तांडेल काका. जिला मोबाइलवर फोन घेता येत नाही ती आमची शेजारीण आजी. मी सेक्रेटरीला फोन लावला. मागे लग्नघरासारखा गलबला.

"टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "मंडळाच्या खोलीत लॅपटॉप लावलाय, वायफाय चालू हाय. ज्यांचा ईमेल नाय त्यांचा काढतोय. आपला माणूस उभा हाय आणि आपण काय झोपा काढायच्या?"

"बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"अगं, दुसरा मजला राहिलाय अजून."

संध्याकाळच्या आत मतदान सांभाळणाऱ्या बाईंचा मेल आला. परदेशातल्या, कधी न भेटलेल्या, पण माझ्याशी नेहमी प्रेमाने बोलणाऱ्या बाई. एकाच जागेवरून, एकाच दुपारी ढिगाने खाती उघडली गेली होती. बनावट किंवा माणसं जमवून गोळा केलेली मतं आढळली तर ते चित्र बाद, असा नियम होता. मी लिहिलं, ही माणसं बनावट नाहीत, मी यातल्या एकेकाला ओळखते. लिहिल्यावर कळलं की मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला आहे.

मग व्हिडिओवर बोलणं झालं. चाळ म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं. मंडळ काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता आणि तरीही त्यांचं उत्तर बदललं नाही. मी म्हटलं, चाळीची सगळी मतं काढून टाका, उरतील तेवढीच मोजा. त्या म्हणाल्या, ती वजा केली तरी तुमचा पक्षीच पुढे आहे, पण मतं गोळा करणाऱ्याला सवलत दिली तर उद्या सगळेच गोळा करतील. मी विनवण्या केल्या. भाषांतर सोडून देईन अशी धमकी दिली. ऑफिसच्या जिन्यात बसून त्यांच्या मतदान समितीतल्या एकेकाला लिहिलं. दादाच्या हाताबद्दल एक ओळ लिहिली असती तर कदाचित विरघळले असते सगळे. ती ओळ मी लिहिली, वाचली आणि खोडली. शपथ होती म्हणून नाही. कीव मागून मिळालेलं त्याला नकोच होतं. मग माझ्या हातात उरलंच काय? काही म्हणजे काही उरलं नाही.

चित्र बाद झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं तरी कुणावर?

दादाला मी सगळं खरं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे चाळीशिवाय जिंकलो होतो मी."

"हो."

"बाहेरच्यांनी निवडलं होतं."

"हो रे दादा."

त्याने मान हलवली. मला वाटलं आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार. मी खरं सांगते, मला त्या क्षणी खाली जाऊन मंडळाची खोली फोडावीशी वाटत होती. तेवढ्यात सेक्रेटरीच दारात आला. कुणीतरी त्याला 'हरलो' एवढंच कळवलं होतं. चपला काढून आत आला आणि दादासमोर खाली बसला. त्याचे डोळे भरलेले.

"कमी पडलो रे आम्ही. दुसऱ्या मजल्याची अर्धी माणसं कामावर होती."

मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प झाले.

"बाहेरचं एक पण मत नाय पडलं काय रे तुला?" सेक्रेटरीने विचारलं.

दादाने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "नाय रे," तो म्हणाला. "तुमचीच काय ती पडली."