साडूंचा बुद्धिबळ प्रगती आराखडा

जगात हरणारी माणसं पुष्कळ असतात, पण हरण्याची इतकी टापटिपीची फाईल ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. आम्ही दोघंही देऊळगाव राजात राहतो, मध्ये फक्त दोन गल्ल्या. मी शाळामास्तर, ते सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात. तीस-बत्तीस वर्षं आलेल्या कागदाला नंबर टाकायचा आणि जाणाऱ्या कागदाची नोंद करायची, एवढं एकच काम त्यांनी केलं, आणि ते त्यांच्या रक्तात असं भिनलं की घरी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, किराण्याची यादी हातात दिली तरी ते आधी तिच्यावर नंबर टाकत. एकदा यादीत जिऱ्यापुढे किती ते लिहिलेलं नव्हतं, तर "प्रस्ताव अपूर्ण" असा शेरा मारून त्यांनी ती परत केली. त्या दिवशी ताईंनी फोडणीशिवायचं वरण वाढलं. साडूंनी ते निमूटपणे खाल्लं, कारण नियम तो नियम.

अशा माणसाला व्यसन असावं तर ते बुद्धिबळाचं. कचेरी सुटली की ते तडक बाजारात किसनभाऊंच्या भाजीच्या दुकानावर जायचे. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर पट मांडलेला असायचा. एका बाजूला साडू, कपाळाला आठ्या घालून, श्वास रोखून. दुसऱ्या बाजूला किसनभाऊ, मेथीच्या जुड्या बांधत. किसनभाऊ चौथीपर्यंत शिकलेले. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही, विचार करताना ते कुणाला दिसले नाहीत. गिऱ्हाइकाला "पाव देऊ का अर्धा?" असं विचारता विचारताच ते डाव्या हातानं साडूंचा वजीर उचलून टाकत. सहा वर्षं हा खेळ चालला आणि सहा वर्षांत साडू एकदाही जिंकले नाहीत. कारणं मात्र रोज नवी: ऊन डोळ्यावर आलं, कोथिंबिरीच्या वासानं लक्ष गेलं, समोरून साहेबांची गाडी गेली. एकदा तर किसनभाऊ खरोखरच चुकले आणि एका चालीत मात होणार असं दिसलं. त्या आनंदात साडू जे उठले ते त्यांचा गुडघा क्रेटला लागून राजासकट सगळं सैन्य टमाट्यांत जाऊन पडलं. घरी येऊन त्यांनी वहीत नोंद केली: "डाव तांत्रिक कारणास्तव रद्द."

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला बोलावून घेतलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथं एक मोठा तक्ता लावला होता, त्याच्या माथ्यावर लाल शाईत ठळक अक्षरं: बुद्धिबळ प्रगती आराखडा. टप्पे तीन, कालावधी एक वर्ष. पहाटे पाच ते सहा प्यादी, सहा ते सात घोडा, चहानंतर उंट, दुपारी मोठमोठ्या खेळाडूंचे डाव वहीत उतरवणे, संध्याकाळी उजळणी. रविवारी चाचणी. मी हसायला लागलो, तसे ते गंभीर झाले. "मास्तर," ते म्हणाले, "मले जास्त काही नाही पायजे. जिंदगीत एक डाव किसनभाऊले हरवायचं आहे. एकच. पण तो कायद्यानं जितायचा, गुडघ्यानं नाही." आणि त्यांनी मला पर्यवेक्षक नेमून टाकलं. रोज त्यांच्या हजेरीपत्रकावर सही करायची, एवढंच काम. शाळेत माझी मी कधी वेळेवर सही केली नव्हती, पण यांच्याकडे मात्र करावी लागली.

तो अभ्यास मी डोळ्यांनी पाहिला म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मोबाईलवरची कोडी ते आधी रजिस्टरात हातानं उतरवून घेत, कारण पडद्यावरच्या गोष्टीला पुरावा नसतो. जानेफळला भाच्याचं लग्न होतं तेव्हा त्यांनी स्वतःलाच एक दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज केला आणि "कारण समर्थनीय नाही" म्हणून स्वतःच तो नामंजूर केला. मग त्या निर्णयाविरुद्ध माझ्याकडे अपील आलं. मी रजा मंजूर केली, तर आठवडाभर ते माझ्याकडे ढिला अधिकारी म्हणून पाहत होते. ताई मला म्हणायच्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा ना त्याईले. कुकरच्या शिट्ट्या मोजून चाल खेळतात. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद नाही करत, घोडा हालवतात. डाळीचं पार पिठलं होऊन राह्यलं." घोड्याची चाल पायात भिनावी म्हणून तर ते मारुतीच्या देवळात जाऊ लागले. तिथं काळ्यापांढऱ्या फरश्या आहेत. डोळे मिटून दोन फरश्या सरळ, एक बाजूला, पुन्हा दोन सरळ. तिसऱ्या दिवशी पाहतो तर त्यांच्यामागे दोन बायका तशाच चालत होत्या. त्यांतली एक मला हळूच विचारते, "सर, हा नवस कशाचा व्हय? पोराच्या नोकरीले चालते का?"

पण या आराखड्यात नऊ नंबरचं एक कलम होतं आणि सगळा घोळ त्यात होता. "अभ्यासकाळात प्रत्यक्ष खेळ पूर्णपणे बंद." मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "अर्धवट फाईल टेबलावरून पुढं पाठवत नसतात." बत्तीस वर्षं पाठवली नव्हती हे खरंच होतं. त्यांनी दुकानावर जाऊन किसनभाऊंना रीतसर कळवलं, आणि तेव्हापासून ते बाजाराच्या त्या बाजूला फिरकलेच नाहीत. भाजीसुद्धा ताई आणायच्या. वर्ष संपलं तेव्हा उंटाचे काही धडे राहिले होते, म्हणून त्यांनी स्वतःला तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. मी भाजी घ्यायला गेलो की किसनभाऊ दर वेळी विचारत, "साहेबाचा अभ्यास कुठवर आला, मास्तर?" मी थट्टेनं म्हणे, "उंटापाशी अडकला आहे." ते हसत नसत. "सावकाश होऊ द्या," म्हणत, आणि माझ्या पिशवीत दोन मिरच्या जास्तीच्या टाकत. त्या मिरच्यांकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. मास्तर असून माणूस वाचता आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

सीमोल्लंघनासाठी अर्थातच दसरा निवडला गेला. साडू इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला दोन पेनं लावून निघाले, मागे रजिस्टर घेऊन मी. किसनभाऊंनी आम्हाला पाहिलं आणि हातातलं तागडं तसंच खाली ठेवलं. पोत्यात गुंडाळलेला पट त्यांनी बाहेर काढला, फडक्यानं पुसला, क्रेट उलटं केलं. मुलाला म्हणाले, "आज गिऱ्हाईक तू पाह्य." हेही मी प्रथमच पाहत होतो. डाव सुरू झाला. साडूंनी पाचव्या चालीला किल्लेकोट केला, सगळं अगदी तक्त्याबरहुकूम. किसनभाऊंचा हात मात्र पटावर घुटमळत होता. घोडा उचलायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. दहाव्या चालीला त्यांचा हत्ती फुकट गेला, पंधराव्याला वजीर. भोवती गर्दी जमली होती. साडूंनी मान वर केली. जिंकत आलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

"किसनभाऊ, मुद्दाम हरून राह्यले का तुम्ही?"

"नाही हो साहेब, शपथ. हातच चालून नाही राह्यला. पंधरा महिने झाले, पट उघडलाच नाही."

"काऊन? रोज इतके लोक येतात. कोणासंगं तरी खेळाचं."

"आले ना, लय जण आले." किसनभाऊ ओशाळल्यासारखे हसले. "पण मी म्हटलं, साहेब तिकडं घरात एकटे अभ्यास करून राह्यले, आन आपण इकडं रोज खेळून हात तयार ठेवाचा? ते काही बरोबर नाही. म्हणून मी बी बंद ठेवला."

हत्ती पुढं सरकवला की मात होती, सगळ्या बाजाराला दिसत होती. साडूंनी बराच वेळ हत्तीवर बोट ठेवलं आणि मग तो सरकवला. किसनभाऊंनी पटाकडे पाहिलं, टाळी वाजवली आणि उभं राहून ओरडले, "साहेब जितले!" मग घरचाच उत्सव असल्यासारखी त्यांनी जमलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक काकडी दिली. साडूंच्या हातातही दिली. ते ती धरून तसेच क्रेटजवळ बसून होते.

परतताना ते मुख्य रस्त्यानं न येता मागच्या गल्लीनं आले. रजिस्टर माझ्याचकडे होतं, त्यात निकालाची नोंद करायची होती, पण ते मागेनात. त्यांचं कौतुक करावं असं मनापासून वाटत होतं, आणि मी नुसतं रजिस्टर या काखेतून त्या काखेत घेत चाललो होतो. या माणसाची मी पंधरा महिने थट्टा केली आणि माझं त्याच्यावर किती प्रेम आहे हे मला त्या गल्लीत कळलं. घराच्या वळणावर ते थांबले.

"मास्तर, रोजचा एक डाव धरला तर पंधरा महिन्यांत साडेचारशे डाव झाले असते."

काहीतरी बोलून त्यांना हसवावं म्हणून मी म्हणालो, "आणि तुम्ही साडेचारशेच्या साडेचारशे हरला असता."

"हाव ना," साडू म्हणाले, "तेच तर म्हणून राह्यलो मी."