गंगापूरचा पाऊस आणि पौषातलं लग्न

आम्ही काही माणसं पाऊस मोजतो. रोज सकाळी साडेआठला ज्यानं त्यानं आपल्या गच्चीवरच्या नाहीतर अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि गावाचं नाव घालून आकडा ग्रुपवर टाकायचा. पाऊस नसेल तर शून्य टाकायचं, पण टाकायचं. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचे आकडे एकत्र करायचं काम माझ्याकडं आहे, आणि एका गावाचा एकच माणूस हा नियमही मीच केलेला. त्या नियमावर बोट ठेवून मी आमच्याच शहरातल्या एका निवृत्त मास्तरांना बाहेर ठेवलं होतं.

यंदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. पावसाळ्यात कुणी आपलं मापक सोडून येणार नाही, म्हणून हिवाळा. शहरासाठी मतं मागवली तर जो तो आपलंच गाव पुढं करू लागला. लातूरवाला लातूर म्हणाला, नांदेडच्या बाई नांदेड म्हणाल्या. गंगापूरचा माणूस मात्र म्हणाला, छत्रपती संभाजीनगर सोडून कुठंही घ्या.

मला ते खटकलं. ते माझंच शहर. गंगापूरहून इथं यायला एसटी आहे, जीप आहेत, तासाभराचा रस्ता आहे. हा नाशिकला मत देतो, सोलापूरला देतो, आणि दारात आलेली भेट नको म्हणतो. शंका मला आधीपासून होती. त्याचे आकडे माझ्या आकड्यांशी फार जुळायचे. गंगापूरकडून येणारा भाजीवाला रात्रभर झोडपलं म्हणून सांगायचा, आणि सकाळी याचा आकडा माझ्यासारखाच किरकोळ. तोही माझा पडल्यावर थोड्या वेळानं. हा माझं बघून थोडं इकडंतिकडं करून लिहितो, अशी माझी खात्री झाली होती. एक आकडा खोटा निघाला तर सगळ्या बेरजेला अर्थ राहत नाही.

म्हणून मी जोर लावून आपलंच शहर ठरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना वेरूळ बघायचं होतं. मला गंगापूरचं मापक बघायचं होतं. तारीखही मी जानेवारीतली, पौषातल्या रविवारची काढली. पौषात लग्नं नसतात, कार्यालयं रिकामी असतात आणि कुणाला सबब सांगता येत नाही.

तारीख टाकताच गंगापूरचा निरोप आला. त्या रविवारी घरात लग्न आहे.

मी भिंतीवरची दिनदर्शिका बायकोला दाखवली. म्हणालो, "पौषात लग्न. याला थापसुद्धा धड मारता येत नाही."

"पाऊस मोजायचा सोडून आता माणसं मोजायला लागलात तुम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

मी त्याला फोन लावला. येत्या सुट्टीला गंगापूरला येतोय, तुमचं मापक बघायचंय, असं सरळ सांगितलं. 

"गंगापूरला नका जाऊ, सर. तिथं मापक नाय. बजाजनगरला या."

बजाजनगर म्हणजे वाळूजच्या कारखान्यांना लागून असलेली कामगारांची वस्ती, माझ्या घरापासून स्कूटरवर अंतर थोडंच. पस्तिशीचा माणूस, कंपनीत मशीनवर काम करणारा. तो मला थेट गच्चीवर घेऊन गेला. मापक पाण्याच्या टाकीपासून लांब, पावसाला आडोसा येणार नाही अशा मोकळ्या कोपऱ्यात बसवलेलं. मी घरून गवंड्याची पाणसळ आणली होती. ती त्याच्या काठावर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

तो सांगत गेला. दोन पावसाळ्यांपूर्वी नोकरी लागली, गाव सुटलं, शेत भाऊ बघतो. येताना मापक तेवढं उचलून आणलं. आकडे सगळे याच गच्चीवरचे. म्हणजे ते माझ्याशी जुळत होते ते आम्ही एकाच आभाळाखाली होतो म्हणून.

"मग गावाचं नाव का नाही बदललं?"

"बदललं असतं तर बजाजनगर तुमच्याच शहरात धरून तुम्ही काढलं असतं मला. मास्तरांना घेतलं का तुम्ही?" मग खाली बघत म्हणाला, "अन् रोज सकाळी गंगापूर लिहितो, सर. गावाशी तेवढंच राहिलंय."

मला आणखी एक विचारायचंच होतं. लग्नाचं विचारलं. त्यानं खालून पत्रिका आणून दिली. वर बुद्धाचं चित्र, बहिणीचं नाव, रविवार तोच. मुहूर्ताच्या जागी नुसती वेळ छापलेली.

"आमच्यात पौष बघत नाहीत, सर. रविवार बघतात, अन् हॉल रिकामा हाय का ते बघतात. तुम्ही बी तेच बघितलं की."

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. आकडे खरे असले तरी गाव खोटं होतं, आणि खोटं ते खोटं असं माझं अजूनही मत आहे. त्याला काढून टाकावं असं मनात आलं होतं. पण नियम ठेवला असता तर आमच्या दोघांतला एक आकडा गेला असता, आणि तो खरा असताना गेला असता. शेवटी मी ग्रुपवर सगळं जसंच्या तसं लिहिलं, त्याचे दोन पावसाळे बजाजनगरच्या नावावर केले, गंगापूर कोरं ठेवलं, नियम मोडीत काढला आणि मास्तरांना फोन केला. भेट एक आठवडा पुढं ढकलली.

भेटीला सगळ्यांनी आपापलं मोजपात्र आणलं होतं. एकाच बाटलीतलं पाणी प्रत्येकात ओतून बघितलं. बजाजनगरवाल्याचं बरोबर भरलं. मास्तरांचं थोडं कमी दाखवत होतं, ते त्यांनी लिहून घेतलं.

जेवताना नांदेडच्या बाई सहज म्हणाल्या, अंगणातला आंबा यंदा फार पसरलाय. मी हातातला घास ठेवला आणि विचारलं, मापकापासून किती लांब?

"बाई, झाड छाटून घ्या," बजाजनगरवाला म्हणाला. "सर पाणसळ घेऊन येतात."

सगळे हसले. बाईंनी अंतर काही सांगितलं नाही. मी नांदेडच्या गाड्यांच्या वेळा बघून ठेवल्या आहेत.